बाबांच्या पंचाहत्तरीत मरणाचं गाणं?

पत्र

ताई, नमस्कार.

येत्या मार्गशीर्षात बाबांना 75 वर्षं पूर्ण होतायत. आई जाऊन दोन वर्षं झाली, त्यानंतरचं घरातलं हे पहिलंच कार्य. आम्ही भावंडांनी ठरवलं की भाषणं, शाली, श्रीफळं नकोत, त्याऐवजी गाण्यांचा कार्यक्रम करायचा. पाळण्यापासून म्हातारपणापर्यंतची गाणी ओळीने घ्यायची, नाव ‘जीवनचक्र’. गाणारे घरचेच. बाबांना आवडीची गाणी विचारली, तर त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला यादी करून दिली. पहिलंच गाणं, ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’. पुढे कुमार गंधर्वांचं ‘उड जाएगा हंस अकेला’.

आत्या बाबांहून सात वर्षांनी मोठ्या. त्या ठाम आहेत: “शुभदिवशी मरणाची गाणी नकोत. घ्यायचंच तर ‘एक धागा सुखाचा’ घ्या.” बंगळुरूचा भाऊ म्हणतो, हलकीफुलकी सिनेमाची गाणी घे आणि वाद मिटव. त्याची मुलगी आठ महिन्यांची आहे, तिलाही सगळे पहिल्यांदाच बघणार आहेत. माझा कॉलेजातला मुलगा म्हणतो, सगळ्या आयुष्यावरचा एकच अल्बम लावायचा तर पिंक फ्लॉइडचा. मी स्वतः ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ म्हणणार आहे, आणि आईच्या फोटोंची चित्रफीत करायचंही मनात आहे.

पण त्या रात्री मी ‘जन पळभर’ एकटीनेच ऐकलं आणि खूप रडले. तसे बाबा ठीक आहेत. सकाळी फिरून येतात, शब्दकोडं सोडवतात, परवा हॉलवाल्याशी घासाघीस करून भाडंही कमी करून आले. तरी सारखं वाटतं, त्यांना जगणं नकोसं तर झालं नाही ना? यादीतून ते गाणं गाळू की ठेवू?

— एक लेक, सांगली

उत्तर

आधी तुमच्या रडण्याबद्दल, गाण्यांचं मग बघू.

जगणं नकोसं झालंय का, हे गाण्यांच्या यादीवरून कळत नाही, रोजच्या वागण्यावरून कळतं. जेवण कमी झालंय का, झोप मध्यरात्रीच मोडते का, चार माणसांत जाणं बंद झालंय का, ‘आता माझं काय राहिलंय’, ‘तुमच्यावर ओझं नको’ असं वरचेवर तोंडी येतं का, वस्तू वाटून टाकायची घाई चाललीय का. यातलं काही दिसलं तर कार्यक्रम बाजूला ठेवा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या. ‘म्हातारपणी असं व्हायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. पण तुम्हीच लिहिताय की ते हॉलचं भाडं पाडून आले. त्या दिवशी आपण असणार आहोत आणि पैसे उगाच जाता कामा नयेत, असं वाटणाऱ्या माणसाचं हे काम. मला इथे तरी भिण्यासारखं काही दिसत नाही.

आता ते गाणं पुन्हा ऐका, या वेळी दिवसाउजेडी. शब्द भा. रा. तांब्यांचे, चाल वसंत प्रभूंची, आवाज लताबाईंचा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, 1941 साली गेले, आणि मरणाशी त्यांच्याइतकं घरोब्याने बोलणारा मराठी कवी शोधूनही सापडायचा नाही. या कवितेत जाणारा माणूस स्वतःबद्दल फारसं बोलतच नाही. तो बघतो जगाकडे. सूर्य तळपणार, शेतं पिकणार, नद्या नेहमीसारख्याच वाहणार. आणि मग माणसांवर येतो: ‘सखेसोयरे डोळे पुसतिल, पुन्हा आपल्या कामी लागतिल, उठतिल, बसतिल, हसुनि खिदळतिल.’

हे ऐकताना तुम्ही बाबांना जाणाऱ्याच्या जागी उभं केलंत, म्हणून रडू आलं. पण गेल्यात त्या तुमच्या आई. बाबा या कवितेत असतीलच, तर मला ते सख्यासोयऱ्यांच्या ओळीत दिसतात. डोळे पुसून पुन्हा दूध आणायला जाणारे, शब्दकोडं सोडवणारे, आणि एखाद्या दिवशी कशावर तरी खळखळून हसल्यावर स्वतःशीच चपापणारे. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याला दुःखाइतकीच या हसण्याची लाज वाटते, आणि ती बोलून दाखवता येत नाही. मुलांना तर नाहीच नाही. आणि आता पोरं पंचाहत्तरी करतायत, हार घालणार, 75 दिव्यांनी औक्षण करणार. ती गेली आणि मी मिरवतोय, असं वाटणाऱ्या माणसासाठी त्या कवितेत पुढे एक ओळ आहे: ‘कुणी सदोदित सूतक धरिले?’ राम-कृष्ण आले नि गेले, त्यांच्यासाठीही जग ओस पडलं नाही, मग बाकीच्यांचं काय! तुम्हाला ते गाणं निरोपाचं वाटलं. त्यांनी कदाचित सूतक फिटल्याची पावती म्हणून लिहिलं असेल.

हा माझा अंदाज झाला. खरं काय ते त्यांनाच विचारा. पण ‘बाबा, हे गाणं का?’ असं विचारू नका. कारण विचारलं की माणसं साक्षीदारासारखी सावध होतात. सकाळच्या चहाला फोनवर गाणं लावा आणि सहज म्हणा, “आईला आवडायचं का हे?” मग गप्प बसा. ते बोलले तर उत्तम. ‘लय छान चाल आहे’ एवढंच म्हणाले तरी चालेल. त्यांना ते चाल म्हणूनच आवडत असण्याचीही शक्यता आहेच की.

आत्यांकडे वळते. त्यांनी सुचवलेलं ‘एक धागा सुखाचा’ तुम्ही कधी शब्दांकडे लक्ष देऊन ऐकलंय का? ‘जगाच्या पाठीवर’ या 1960 च्या चित्रपटातलं गदिमांचं, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचं गीत. संगीत आणि आवाज बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा. आयुष्य हे विणलेलं वस्त्र आहे, ही कल्पना. बाळपणीचं अंगडं, तारुण्यातले रंगीत कपडे, शेवटी अंगावर उरते ती जीर्ण शाल. शिवाय येताना उघडा, जातानाही उघडा, हे गदिमांनी स्वच्छ सांगून टाकलंय. ते वस्त्र कोण विणतं, तो विणकर कुणाला दिसलाय का, इथे गाणं संपतं. म्हणजे तुमचं ‘जीवनचक्र’ पाळण्यापासून सरणापर्यंत एकाच गाण्यात सांगून झालं, आणि शंभराला एक हा सुखाचा हिशेबही मांडला. तांब्यांच्या कवितेपेक्षा हे जास्त कडू आहे! तरी आत्यांना ते चालतं, कारण त्यात ‘जन पळभर’मधल्यासारखं ‘मी जाता’ असं कुणी म्हणत नाही. तीच गोष्ट ‘पराधीन आहे जगती’ची. वडील गेल्याचं कळल्यावर चित्रकूटावर रामाने भरताची घातलेली समजूत आहे ती. आपण ते गॅसवर दूध तापत ठेवून गुणगुणतो.

तेव्हा आत्यांची अडचण मरणाच्या गाण्याची नाही. त्यांचा धाकटा भाऊ ‘मी जाता’ म्हणणार आणि त्या 82 वर्षांच्या बाईने समोर बसून ते ऐकायचं, ही अडचण आहे. शुभ-अशुभ हा शब्द त्यांनी त्यावर पांघरूण म्हणून घेतलाय. अशा वेळी ‘आत्या, तुमचंच गाणं बघा किती अशुभ आहे’ हा मुद्दा जिंकता येतो, पण जिंकू नका. त्याऐवजी त्यांच्याकडे काम घेऊन जा.

त्यांना विचारा, बाबांच्या बारशाला कुठला पाळणा म्हटला होता? सात वर्षांच्या मुलीला असं पाठ असतं. आपले कितीतरी पाळणे दिवसांच्या हिशेबाने रचलेले असतात. पहिल्या दिवशी हे झालं, दुसऱ्या दिवशी ते, असं करत बाराव्या दिवसापर्यंत यायचं आणि प्रत्येक कडव्यानंतर ‘जो बाळा जो जो रे जो’. मधली कडवी विसरली तरी पुढचा आकडा आठवला की ओळ आपोआप येते, म्हणून ते टिकतात. आणि आत्यांच्या आईने, म्हणजे तुमच्या आजीने, दळताना म्हटलेल्या ओव्या आठवतात का तेही विचारा. जात्यावरच्या ओव्यांत भावावरच्या ओव्या इतक्या आहेत की त्यांचा एक वेगळा कार्यक्रम व्हावा. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळशा ऐकायला, वाचायला मिळतात. आत्यांना त्यातल्या दोन-चार ऐकवा. ‘ह्या बाईला नीट येत नाही, आमच्याकडे असं म्हणायचे’ असं त्या म्हणाल्या की तुमचं काम झालं.

मुलग्याच्या जन्माचं, माहेराचं, सासरच्या जाचाचं, भावाच्या वाटेकडे डोळे लावण्याचं, अहेव, म्हणजे सवाष्णपणी, मरण मागण्याचं, सगळं त्या बायका एका बैठकीत, दोन पायल्या दळणात म्हणून मोकळ्या व्हायच्या. मरणाची ओवी आली म्हणून जातं थांबवलं नाही कुणी. आत्यांना हे तुम्ही सांगायची गरज नाही. त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, फक्त हल्ली कुणी आठवण करून दिलेली नाही.

आता ओळीने गाणी लावण्याबद्दल. बारसं, शाळा, प्रेम, लग्न, संसार, म्हातारपण असा जिना रचलात, तर निम्म्या कार्यक्रमानंतर प्रेक्षकांना पुढची पायरी कळायला लागेल, आणि शेवटी सगळे उत्सवमूर्तींकडे बघत बसतील की आता यांचं कसं होणार. आत्यांची भीती अशाने खरी ठरेल. मोडा तो जिना.

याबाबतीत गीतरामायणासारखा दुसरा धडा नाही. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला ते सुरू झालं, वर्षभर चाललं, एकूण 56 गीतं. रेडिओवर वेगवेगळे गायक होते, पुढे बाबूजी एकटेच सगळं गायला लागले. जन्म आहे, बाललीला आहेत, स्वयंवर आहे, बाप जाण्याचं दुःख आहे, युद्ध आहे, सीतेचा त्याग आहे. एका माणसाचं अख्खं आयुष्य. पण सुरुवात रामाच्या जन्माने होत नाही. सुरुवातीला राम मोठा, राजा झालेला, आणि आपल्याच पोरांच्या तोंडून आपलीच कथा ऐकत बसलेला. ती आपली पोरं आहेत हे त्याला ठाऊकही नाही. शेवटचं, छप्पन्नावं गीत काय आहे? ‘गा बाळांनो, श्रीरामायण’. वाल्मीकी त्या पोरांना सांगतायत की जा आता आणि रामापुढे गा. म्हणजे शेवटचं गाणं संपतं तिथे पहिलं सुरू होतं. गदिमांनी चक्र चक्रासारखं फिरवलं. तुमच्या घरच्या दीड तासाला एवढी रचना झेपणार नाही, पण युक्ती तीच वापरा. बाबा आत्ता आहेत तिथून सुरू करा आणि सगळ्यात लहान माणसापाशी थांबा.

मी असं लावीन. सुरुवातीला ‘शुक्रतारा मंद वारा’, कारण त्या हॉलमधल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाचं तारुण्य त्या गाण्यात आहे आणि पहिल्या दोन मिनिटांत सगळे गुणगुणायला लागतील. मग भावाच्या पसंतीची सिनेमातली तीन-चार. तो निम्मं खरं बोलतोय, गंभीर गाण्यांना सैल जागा लागते. आत्यांचं ‘एक धागा सुखाचा’ मध्यावर. त्यानंतर थोड्या वेळाने, निवेदनात मरण-बिरण शब्द न आणता, ‘बाबांच्या यादीतलं पहिलं गाणं’ एवढंच सांगून ‘जन पळभर’. त्याला लागून लगेच पाडगांवकर-यशवंत देवांचं ‘या जन्मावर, या जगण्यावर’. मध्ये टाळ्या आणि बोलणं नको, दोन्ही गाणी एकामागून एक. आणि शेवटी ‘निंबोणीच्या झाडामागे’ तुमच्या वहिनीने म्हणावं, आणि त्यानंतर आत्यांनी बाबांच्या बारशाचा पाळणा तुमच्या आठ महिन्यांच्या भाचीसाठी. भैरवी वगैरे काही नको.

‘हंस अकेला’ घरच्यांनी म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. क्षयाने आजारी पडलेले कुमारजी 1948 च्या सुमारास देवासला आले. गाणं काही वर्षं बंद. त्या काळात कानावर पडलेली नाथजोग्यांची भजनं त्यांनी पुढे आपल्या गळ्यातून काढली. त्यातला सूर फेकलेला असतो, आणि नंतरची शांतता तो सूरच धरून ठेवतो. आपण म्हणायला गेलो की नुसते शब्द उरतात, आणि शब्द तर हंस उडून जाण्याचेच आहेत. त्यापेक्षा वाढदिवसाच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आत, बाबांची अंघोळ उरकली की घरात रेकॉर्ड लावा. जेवणाच्या वेळी हॉलमध्ये मात्र लावू नका, पंगतीत श्रीखंडाबरोबर निर्गुणी भजन जात नाही.

तुमच्या मुलाची सूचना सगळ्यांनी हसण्यावारी नेली असणार. पण पोरगं मुद्द्याचं बोललंय. पिंक फ्लॉइडचा 1973 चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच संपतो; मध्ये वेळ, पैसा, वेड, मरण असं सगळं. हॉलमध्ये त्याचा उपयोग नाही, पण आजोबा-नातवाने एका दुपारी हेडफोन लावून तो ऐकावा. मुलाने आधी दोन वाक्यांत काय आहे ते सांगावं. बाबांना आवडेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही, पण त्या बदल्यात ते त्याला तांबे ऐकवतील.

‘दमलेल्या बाबाची कहाणी’ तुम्ही म्हणू नका. आवाज कितीही चांगला असो. समोर बाबा बसलेले असताना दुसऱ्या कडव्यापर्यंत तुमचा गळा टिकणार नाही, आणि मग सगळा हॉल गाणं सोडून तुम्हाला सावरायला लागेल. शिवाय ते वेळ न मिळालेल्या बापाच्या पश्चात्तापाचं गाणं आहे. पंचाहत्तरीला बापाला त्याचा हिशेब कशाला दाखवायचा? तुम्ही ‘शुक्रतारा’ घ्या.

फोटोंची चित्रफीतही नको. निदान गाण्यावर नको. मोठ्या पडद्यावर आईचा चेहरा आणि खाली कुणाचं तरी दर्दभरं गाणं, याने सगळे रडतात हे खरं, पण बाबांना शे-दीडशे माणसांसमोर रडावं लागेल. आई कार्यक्रमात असायला हव्यात, तर त्यांच्या माहेरचं काहीतरी ठेवा. बहिणाबाई चौधरींच्या ओळी आपल्या सगळ्यांच्याच माहेरच्या म्हणायला हरकत नाही: ‘आला सास, गेला सास, जीवा तुझं रे तंतर, अरे जगनं-मरनं एका सासाचं अंतर’. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि चार ओळींत तिने तुमच्या ‘जीवनचक्रा’चं सगळं निवेदन करून ठेवलंय. कुणीतरी त्या नुसत्या वाचाव्यात, पेटीविना, ‘जन पळभर’च्या आधी. आईचं नाव घ्यायचं की नाही ते वाचणाऱ्यावर सोडा.

राहिलं व्यवहाराचं. बारा-तेरा गाण्यांवर जाऊ नका. बायकांनी लताबाईंच्या मूळ पट्टीतले ट्रॅक लावून गायचा हट्ट धरू नये. पेटीवरची काळी चार, पांढरी पाच, जिथे गळा बसतो तिथे ट्रॅक उतरवून घ्या, आणि पुरुषांचं काळी एक-दोनच्या वर जाऊ देऊ नका. ट्रॅकपेक्षा पेटी-तबला मिळाला तर फारच बरं, आत्या कुठल्या पट्टीत सुरू करतील हे आत्यांनाही माहीत नसणार. साउंडवाल्याला बजावून सांगा की समोर कानाला यंत्र लावलेली माणसं बसली आहेत, तबला आणि की-बोर्ड खाली ठेव, शब्द वर आण. नाहीतर एवढा वाद घालून ठेवलेलं गाणं कुणाला कळायचंही नाही.

आणि पाळण्याची कडवी बारा असतील तर बाराही होणार, हे धरून चाला. केटररला जेवणाची वेळ अर्धा तास पुढची सांगा.